आईच्या रणगाड्याची जाहीर नोटीस

मी कायद्याच्या कचाट्यात सापडलो आहे, हे मला एका रविवारी दुपारी, हात धुऊन बाहेरच्या खोलीत येतोय तोवर, टीव्हीच्या पडद्यावरून कळलं. रोज जिथे रंगीत रणगाडे दिसायचे तिथे पांढऱ्या पानावर इंग्रजी मजकूर होता. मी पारनेर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. त्यामुळे इंग्रजी मजकूर मी दोनदा वाचतो. एकदा अर्थासाठी, आणि एकदा आपल्याला अर्थ कळलाय असं बायकोला वाटावं म्हणून. हक्क असलेल्या कंपन्यांच्या तक्रारीवरून ही वेबसाइट बंद केली आहे आणि पुढची कायदेशीर कारवाई चालू आहे, असा त्याचा मतलब होता. शेजारी खुर्चीत आई बसली होती. तिच्या मांडीवर गेमचा रिमोट होता.

"लाव की रं," ती म्हणाली. "लाईट गेली का?"

लाईट होती. गेली होती ती माझी अब्रू, असं मला त्या क्षणी वाटलं. दर मार्चला दहावीच्या परीक्षेत कॉपी पकडणारा शिक्षक म्हणून पंचक्रोशीत माझं नाव आहे. पोरांच्या मोज्यातून, कंपासपेटीतून, एकदा तर पायाच्या प्लॅस्टरमधून मी कॉप्या काढलेल्या आहेत. प्रत्येक वेळी मी 'चोरी ती चोरीच' हे छोटंसं भाषणही करतो. तो मी गेले काही आठवडे रोज दुपारी परदेशातल्या कुठल्यातरी वेबसाइटवर चोरीचा गेम लावून देत होतो, आणि तोही स्वतःच्या आईला.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो.

दिवाळी सरता सरता आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पाय बराचसा परत आला, बोलणं थोडं जड राहिलं, पण उजवा हात काही वळेना. नगरच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की पहिले काही महिनेच कामाचे असतात. अंगठा आणि बोटं हलती ठेवा, नाहीतर हात असाच राहील. त्यांनी एक मऊ चेंडू दिला. आईनं तो चेंडू घरी आल्यावर कपाटावर ठेवायला लावला. "म्या काय रांगतं लेकरू हाय का चेंडू दाबायला?" म्हणाली.

खरी अडचण जेवणाची होती. आईनं जन्मात डाव्या हातानं घास घेतला नव्हता आणि घेणारही नव्हती. चमचा म्हणजे दवाखान्यातलं जेवण, असं तिचं मत. म्हणून माझी बायको तिला भरवायची, तेही आतल्या खोलीत, दार लोटून. घरात पाहुणा असला की आई "माझं झालंय" म्हणून सांगायची आणि तशीच राहायची. आमच्या घरी पाहुण्यांची कमी नसते. आई डोळ्यांदेखत वाळत चालली होती, आणि मी रोज संध्याकाळी तिला इच्छाशक्ती या विषयावर बोधामृत पाजत होतो. माझा तास चालू झाला की ती डोळे मिटून घ्यायची. माझ्या वर्गातही साधारण तसंच होतं.

एकदा मी असाच चेंडू घेऊन मागे लागलो होतो, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "मला शिकवू नगं. ह्याच आंगठ्यानं म्या भिंगारमधी लई रणगाडे फोडल्यात."

हे अगदी खरं होतं. वडील भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन स्टोअरकीपर होते. ते दिवसभर खऱ्या रणगाड्यांचे सुटे भाग मोजायचे. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. मी शाळेत असताना त्यांनी नगरच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणला. त्यासोबत एक पिवळी कॅसेट होती. तिच्यावर नऊशे नव्व्याण्णव गेम असं छापलेलं होतं, प्रत्यक्षात मोजून सात-आठ, बाकीचे तेच पुन्हा वेगळ्या रंगात. त्यातला एक रणगाड्यांचा होता. खाली आपलं ठाणं, त्याभोवती भिंत, वरून शत्रूचे रणगाडे येणार, ते उडवायचे. दोघांना मिळून खेळता यायचा. गेम आल्यावर आठवड्याभरात आईनं तो उचलून लोखंडी पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. आमचा अभ्यास बुडू नये म्हणून, असं सांगितलं. आम्हाला फक्त रविवारी मिळायचा.

मग एके दिवशी अंगात ताप आला म्हणून मला शाळेतून दुपारीच घरी धाडलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आई आणि शेजारच्या क्वार्टरमधली मावशी पदर खोचून जमिनीवर बसल्या होत्या, दोघींच्या हातात एकेक रिमोट, आणि मावशीनं आईचाच रणगाडा उडवला म्हणून आई तिला अशी काही बोलत होती की मला ताप उतरल्यासारखं वाटलं. मावशीचा नवरा त्याच वर्कशॉपमध्ये फिटर. दोघींचं नळाचं पाणी भरून झालं की पोरं शाळेतून यायच्या आत त्यांची रोजची लढाई असायची. त्या दिवशी मला तोंड बंद ठेवायच्या बोलीवर भजी मिळाली.

तर आईचं ते वाक्य ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या डोक्यात तो क्वचित पडतो, त्यामुळे मी त्याला लगेच धरून ठेवतो. मी शोधाशोध केली आणि ती वेबसाइट सापडली. जगातल्या झाडून सगळ्या जुन्या कॅसेटी तिथे होत्या, अगदी आमची ती थापाडी नऊशे नव्व्याण्णववाली सुद्धा. गेम उतरवून घ्यायचीही गरज नव्हती, तिथल्या तिथेच खेळता यायचा. मी उतरवला नाहीच. उतरवला तर चोरी, नुसता खेळलो तर पाहुणचार, असा एक निवाडा मी माझ्यापुरता देऊन टाकला होता. लॅपटॉप टीव्हीला जोडला, ऑनलाइन दोन रिमोट मागवले, आणि ती सुरुवातीची पिपाणीसारखी धून वाजली. आई अर्ध्या तोंडानं हसली. आजारपणात ती पहिल्यांदा हसली ते त्या दिवशी. मी आत जाऊन डोळे पुसून आलो.

त्यानंतर रोज दुपारी तिची पलटण निघायची. डाव्या हातानं रणगाडा फिरवायचा आणि उजव्या अंगठ्यानं गोळा सोडायचा. सुरुवातीला अंगठा नुसता बटणावर पडून असायचा. मग तो थरथरायला लागला, मग दाबायला लागला. मॅडम म्हणाल्या, जे करताय ते करत राहा. काय करतोय ते मी त्यांना सांगितलं नाही.

आणि मग तो रविवार आला.

मी घाबरलो त्याला आणखी एक कारण होतं. चोरीच्या ठिकाणी जाणारा माणूस निदान नाव तरी लपवतो. मी त्या वेबसाइटच्या खाली, जिथे खेळणारे आपापले शेरे लिहितात, तिथे आभाराचं पत्र लिहिलं होतं. 'आपल्या या बहुमोल कार्यामुळे माझ्या मातोश्रींना लाभ होत आहे' अशी सुरुवात करून शेवटी पूर्ण नाव, हुद्दा, शाळा, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड. त्यातही जिल्ह्याचं नाव बदललेलं आहे म्हणून कोणी चुकू नये यासाठी दोन्ही नावं दिली होती. बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो, पण लेखी काम मी व्यवस्थित करतो.

पुढच्या दोन-तीन दिवसांत मी बातम्या वाचल्या. कुठल्या देशात अशा वेबसाइटवाल्याला जबर दंड झाला, कुठे माणूस तुरुंगात गेला. नेमकी त्याच आठवड्यात आमच्या गावात पोलिसांची जीप शिरली. मी ओट्यावर पेपर तपासत होतो, तो तसाच उठून गोठ्यात गेलो आणि गाईच्या पाठीवरून हात फिरवू लागलो. एरवी मी गाईला सणासुदीलाच भेटतो. तिनं लाथ मारली. जीप वरच्या आळीतल्या बांधाच्या भांडणासाठी आली होती, ती चहा पिऊन निघूनही गेली. मी मात्र शेण लागलेल्या पायजम्यानिशी तसंच पारनेर गाठलं.

पारनेरला माझा कॉलेजातला मित्र वकील आहे. बांध, वाटप, वहिवाट, एवढ्यावरच त्याची सगळी वकिली चालते. त्याला जगात दुसरं भांडण असतं हेच मान्य नाही. मी सगळं सांगितलं. त्यानं पान जमवलं आणि विचारलं, "मूळ मालक कोण?"

"जपानची कंपनी असावी."

"कब्जा कुणाचा?"

"आईचा. म्हणजे होता. भिंगारला असेपर्यंत."

"मधी कुणी हरकत घेतली?"

"शेजारच्या मावशीनं. आपल्याला बिघडलेला रिमोट देतात म्हणून."

"मंग वहिवाट शाबित हाय की तुमची," तो म्हणाला. माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. "मास्तर, त्या कंपन्यांना वेबसाइटवाले पायजेत. पारनेरला उतरून म्हातारीच्या हातातला रिमोट काढून घ्यायला त्यांना येष्टी तरी घावंल का? पन तुला येवढीच रुखरुख आसंल तर पैसे भरून खरा गेम घे. सातबारा क्लिअर."

हे मला पटलं. घरी येऊन मी त्याच रणगाड्यांचा गेम कंपनीकडून रीतसर विकत घेतला. पावतीची छापील प्रतही काढून ठेवली. दुपारी आईला खुर्चीत बसवलं, रिमोट हातात दिला आणि कॉपीमुक्त मनानं बटण दाबलं.

आईनं थोडा वेळ खेळून रिमोट मांडीवर ठेवला.

"ह्यो डुप्लिकेट हाय," ती म्हणाली.

मी सांगितलं की उलट हाच अस्सल आहे, आपल्याकडे होता तो डुप्लिकेट. पावती दाखवली. तिनं पावतीकडे बघितलंही नाही. मग मला हळूहळू उलगडा झाला. आमची बाजारातली कॅसेट ही कोण्या उपद्व्यापी माणसानं मूळ गेममध्ये ढवळाढवळ करून बनवलेली होती. तिच्यात ठाण्याभोवती विटांच्या जागी लोखंडी भिंत असायची आणि आपला रणगाडा कितीही वेळा फुटला तरी पुन्हा उभा राहायचा. कंपनीच्या गेममध्ये तसं नव्हतं. तिथे ठरावीक जीव मिळतात आणि ते गेले की खेळ खलास. आमच्या अख्ख्या पिढीनं अस्सल कॅसेट डोळ्यांनी पाहिलेलीच नाही. कंपनीनं ती कधी नगरच्या बाजारात पाठवली नाही, आणि ज्यांनी पाठवली त्यांनी आपल्या मनानं पदरचं घालून पाठवली. आईच्या लेखी तेच मूळ.

"खऱ्यात जीव सरत न्हाईत," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

त्या दिवसापासून तिनं रिमोट हातात धरला नाही. मी 'अस्सल' आणि 'नक्कल' यावर समजावून बघितलं. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तेवढं समजावणं थांबवा, त्यानंच निम्मं बरं वाटेल त्यांना." अंगठा पुन्हा आखडायला लागला. मॅडम नाराज झाल्या. मॅडमनी सांगितलेले कामाचे महिने हातातून चालले होते, आणि जगातल्या जुन्या गेमवाल्या एकेक वेबसाइट बंद होत होत्या. मी दुसरी शोधली, ती उघडेना. तिसऱ्या ठिकाणी कॅसेटींची नावं होती, गेम काढून टाकलेले. कायद्यानं वागायचं ठरवलेला मी आता चोरीचा माल मिळत नाही म्हणून तळमळत होतो.

मग वाटलं, ती आपली पिवळी कॅसेट कुठे गेली? वडील निवृत्त झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडून गावी आलो, तेव्हा सामानात गेम नव्हता. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "दिली कुनाला तरी." कुणाला, म्हटलं तर म्हणाली, "ध्येनात न्हाई." आईला लग्नात आलेल्या आहेरातली भांडी कोणी कोणती दिली तेही ध्यानात आहे. पण मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

मी पुन्हा वकिलाकडे गेलो. कॅसेट हरवलीय, कोणाकडे आहे माहीत नाही, म्हटलं. आमच्या भागात यावर एकच औषध असतं. जमीन घ्यायची असो, दाखला हरवलेला असो, भावाशी संबंध तोडायचा असो, आम्ही पेपरात जाहीर नोटीस देतो. नोटीस छापली की माणसाला आपण काहीतरी केलं असं वाटतं. वकिलाच्या कॉम्प्युटरमध्ये नोटिशीचा मसुदा एकच, जमिनीचा. त्यातच तो खाडाखोड करू लागला. मला ती भाषा आवडेना म्हणून मी त्याला बाजूला सारून स्वतः बसलो आणि तिला आणखी भारदस्त केलं. छापून आली ती अशी:

'तमाम लोकांना कळविण्यात येते की, माझे पक्षकार यांच्या मातोश्रींच्या कब्जेवहिवाटीत भिंगार येथील वास्तव्यात रणगाड्यांच्या गेमची पिवळ्या रंगाची कॅसेट होती. सदर मिळकत कोणाच्या ताब्यात असल्यास, अथवा तिच्यावर कोणाचा हक्क, हितसंबंध वा बोजा असल्यास, मुदतीत समक्ष येऊन कळवावे. अन्यथा कोणाची काहीएक हरकत नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

खाली वकिलाचं नाव, माझं नाव, गाव.

शाळेत त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत गेलो तर सगळे एकदम पेपरात डोकं घालून बसले. मुख्याध्यापकांनी बाजूला घेऊन विचारलं, "सर, कॅसेटचं काही वाईट प्रकरण नाही ना? संस्थेचं नाव येईल." दुपारी घरी पोचतोय तो चुलतभाऊ दारात उभा. तो सलूनमध्ये दाढी करता करता पेपर वाचत होता. मातोश्री, कब्जा, मिळकत आणि हरकत एवढे चार शब्द त्याला पुरले होते. एका गालाचा साबण तसाच वाळला होता.

"दादा, काकीच्या नावावरचं परस्पर काढाया निघालास व्हय?" तो म्हणाला. "आमची हरकत हाय."

मी त्याला बसवून नोटीस पहिल्यापासून वाचायला लावली. वाचून झाल्यावर त्यानं पेपरची घडी घातली. चहा घेतला, उरलेला साबण पुसला, आणि जाताना म्हणाला, "समजा घावली, तर सामायिकच ना ती?"

मुदत संपत आली तरी दुसरं कोणी आलं नाही. आई जेवायला आत, दार लोटून. मीही आता तिला काही सांगायचं सोडून दिलं होतं.

आणि एका दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. काठी टेकत, घामाघूम, हातात कापडी पिशवी. भिंगारहून नगर, नगरहून येष्टीनं पारनेर, तिथे आधी वकिलाकडे, मग वडापच्या जीपनं आमच्या गावात. मी ओळखलं नाही.

"नोटीसवाला तूच का?" तिनं विचारलं. "म्या हरकत घ्यायला आलेय."

मी आत या म्हणालो. ती उंबऱ्यातच थांबली. पिशवीतून तिनं एक पत्र्याचा डबा काढला, त्यातून तो जुना गेम, त्याच्या वायरी, आणि जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेली पिवळी कॅसेट. तेव्हा मला कळलं की ही शेजारची मावशी.

"तुझ्या आईनं क्वार्टर सोडली तवा ह्यो डबा सोताच्या हातानं मला दिला," मावशी म्हणाली. "म्हनली, तुलाच ऱ्हाऊ दे, गावाकडं माझ्यासंगं कोन खेळायचं? म्या जीवापाड सांभाळला. नातीनं पेपर वाचून दावला तवा मला खोटं वाटलं. येवढी वर्सं येका नळाचं पानी भरलं, आन् आता वकिलाकडून मागती? सांगावा धाडला आसता तर म्या आनून दिला नसता? ही घे तुमची मिळकत."

मला फार लाज वाटली. इतकी भारदस्त भाषा मी घडवली होती, आणि ती एका म्हातारीच्या काळजात जाऊन लागली होती. मी काहीतरी खुलासा करू लागलो, पण माझे खुलासे लांब असतात. तेवढ्यात आतून आईचा जड आवाज आला, "कोन हाय रं?"

मावशी तो आवाज ऐकून थबकली. मला ओलांडून ती आत गेली. आईनं तिला बघितलं आणि उजवा हात चटकन पदराखाली घेतला, म्हणजे डाव्या हातानं उचलून घेतला. आईला कॅसेट कोणाकडे आहे ते पहिल्यापासून माहीत होतं, हे मला तेव्हा समजलं. तिला मावशीसमोर असं बसायचं नव्हतं, म्हणून ती विसरली होती.

मावशीनं कपाळावरचा घाम पदरानं पुसला. मग काठी भिंतीला लावून आईच्या खुर्चीशेजारी खाली बसली. "माझा रिमोट कुठाय?" म्हणाली.

मी धावपळ करून जुना गेम टीव्हीला जोडला. पडदा निळा. मावशीनं कॅसेट काढून फुंकर मारली. आई म्हणाली, "जोरात फुक, तुला कदी जमलंच न्हाई," आणि कॅसेट स्वतःकडे घेऊन वाकड्या ओठांनी फुंकली. पुन्हा निळा. मीही फुंकली, बायकोनं फुंकली. कॅसेट गेलेली होती. इतकी वर्षं सांभाळलेली, जाहीर नोटीस देऊन मागवलेली कॅसेट मी पुन्हा त्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळली. मला पुढे काय करावं सुचेना, म्हणून भीत भीत तो पावतीवाला गेम लावला.

"ह्यो आपला न्हाई," मावशी म्हणाली. "लोखंडी भित कुठाय?"

"डुप्लिकेट हाय," आई म्हणाली. "चालव तू."

पहिला गोळा मावशीनं आईच्याच रणगाड्यावर टाकला. आई तिला अशी काही बोलली की मी पुन्हा शाळेतून तापात घरी आल्यासारखा दारात उभा राहिलो. मावशीनं दुसऱ्यांदा तेच केलं. तिनं आईच्या हाताकडे बघितलं नाही आणि दयाही दाखवली नाही. आईचा अंगठा बटणावरून घसरायचा, ती तो पुन्हा डाव्या हातानं उचलून जागेवर ठेवायची आणि दाबायची. जीव संपले. "पुन्यांदा लाव," आई म्हणाली. मी लावला. पुन्हा संपले, पुन्हा लावला. इतक्या वेळा लावला की 'खऱ्यात जीव सरत नाहीत' हे कंपनीच्या गेमलाही लागू झालं.

बायकोनं पिठलं-भाकरी केली. मावशीचं ताट वाढलं, तशी आई नेहमीसारखी म्हणाली, "तू घे. माझं झालंय."

"कवा झालं?" मावशी म्हणाली. "म्या दुपारपासनं हितंच बसलेय. तू जेवल्याबिगर म्या ताटाला हात लावायची न्हाई." आणि खरंच ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पिठलं निवत चाललं. मी तोंड उघडणार होतो, बायकोनं डोळ्यांनीच मला बसवलं.

मग आईनं पदराखालून उजवा हात काढला आणि ताटात ठेवला. बोटं भाकरीवर नुसतीच पडून राहिली. नंतर अंगठा हलला. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, म्हणजे मोडला असं म्हणायचं, कुस्करला, पिठल्यात बुडवला, आणि उचलताना निम्मा मांडीवर सांडला. उरलेला तोंडापर्यंत गेला. मावशीनं तिचं होईपर्यंत आपल्या ताटावरून नजर काढली नाही. घास चावून झाल्यावर तिनंही पहिला घास घेतला.

मी मात्र ताट विसरून टक लावून बघत होतो. आईच्या ते लक्षात आलं.

"काय बघतोस?" ती म्हणाली. "काय हरकत हाय का तुझी?"

मी मान खाली घातली आणि भाकरी मोडली.